डायरीतली कु. क

नागपूर, ४ ऑगस्ट २०२४

ती. सिंधूआत्यास मोनालीचा सप्रेम जय भीम.

तुझं कानाचं यंत्र डब्यातच आराम करतंय असं बाबा म्हणाले, म्हणून फोनचा नाद सोडून पत्र लिहिते. समाजकार्याचं शेवटचं वर्ष सुरू झालं. फील्डवर्कला जरीपटक्यामागची वस्ती मिळाली आहे. तिथं मुलींचा युवा गट चालवते. आठवडाभर काय केलं ते डायरीत लिहायचं, तिथल्या संस्थेच्या विक्रमभाऊंची सही घ्यायची आणि कॉलेजात द्यायची.

गटात भैरवी आहे. सतरा वर्षांची, बारावी सायन्स पास. बाप कळमन्याच्या बाजारात हमाली करतो. दिवाळीनंतर लग्न ठरवलंय. हिनं नर्सिंगचा फॉर्म आणून तांदळाच्या पिंपात लपवला आहे. आई म्हणते म्हणे, पोरीले शिकवून काय कलेक्टर करायचं हाय. हे तिनं फक्त मला सांगितलं. मी डायरीत सगळं लिहिलं, नाव तेवढं बदललं: कु. क. तसं शिकवलंच आहे आम्हाला. तुझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरांपेक्षा माझी डायरी भारी होणार बघ!

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी मोनाली

रामटेक, ९ ऑगस्ट

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.

भारी डायरीवाल्या बाई, पत्र पोचलं. आनंद झाला आणि लगेच उत्तर लिहायला बसले. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळली मी. रजिस्टरात वजन-उंची लिहिली. बाया कानात जे सांगत ते कधी कागदावर नेलं नाही. अगं, वस्तीत माणूस नावावरून नाही, घरावरून ओळखतात. हमालाच्या बारावी पास पोरी त्या गल्लीत किती असतील? आणि ते विक्रमभाऊ कोणाचे कोण, विचारलंस का? ते पान सहीला देऊ नकोस. कॉलेजातल्या तुझ्या बाईंना तोंडी सांग आणि लग्न थांबवायला लागा.

तब्येतीला जप.
तुझी आत्या

नागपूर, १७ ऑगस्ट

ती. आत्यास जय भीम.

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. सही शनिवारीच झाली होती. विक्रमभाऊ भैरवीच्या आईचे मावसभाऊ निघाले. पान वाचून त्यांनी छान लिहिता म्हणून माझं कौतुक केलं आणि तिथून सरळ तिच्या घरी गेले. पिंप उपसलं, फॉर्म फाडला आणि सोमवारी तिला नातलगांकडे पाठवून दिलं. बाईंनी हेल्पलाइनला कळवलं, माणसं आलीही. पण ती कुठल्या गावी गेली ते वस्तीत कोणालाच आठवेना. मी दारात गेले तर तिची आई म्हणाली की तिनं तुले सांगितलं होतं वं, कागदाले काहून सांगितलं तूनं. मग दार लावून घेतलं.

कॉलेजात त्याच डायरीला वर्गात सर्वांत जास्त गुण पडलेत. पहिल्या वर्षाला ती नमुना म्हणून वाचून दाखवणार आहेत. मला हे शिक्षण नको आता. रामटेकला येऊ का?

मोनाली

रामटेक, २१ ऑगस्ट

चि. मोनालीस आशीर्वाद.

येऊ नकोस. तुझी चूक नाही असं मी लिहिणार नाही, कारण ती आहे. माझ्या कुशीत रडलीस म्हणून ती पोर परत यायची नाही. आधी डायरी मागून घे. ती कोणापुढे वाचली जाता कामा नये. मग बालकल्याण समितीच्या दारात रोज जाऊन बस, गाव सापडेपर्यंत. जेवत जा. मला भीती वाटते आहे, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

तुझ्या पाठीशी असलेली,
आत्या

नागपूर, १२ सप्टेंबर

ती. आत्यास जय भीम.

डायरी परत घेतली. गावही सापडलं. काल भैरवीला समितीपुढे आणलं. लग्न होऊन पंधरा दिवस झालेत. सासू बरोबर होती, तिला बाहेर बसवलं. वय विचारलं तर भैरवीनं एकोणीस सांगितलं. शाळेचा दाखला पुढे ठेवला तरी एकोणीसच. जबरदस्ती झाली का, काही सांगायचं आहे का, असं समितीच्या मॅडमनी किती मायेनं विचारलं. तिनं लिहून घेणाऱ्या बाईंच्या पेनाकडे पाहिलं आणि नाही अशी नुसती मान हलवली.

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं की या ताईंना तरी ओळखतेस ना. माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली की नाही, ह्यायले मी कधीच पाहिलं नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
मोनाली