पंकजाच्या केसांविषयी विहीणबाईंना

सौ. पुष्पावती विहीणबाई यांस,

सप्रेम नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? (मानाचं एवढं पुरे. बोर्डिंगात एका ताटात जेवलेल्या मुलीला 'तुम्ही' लिहिताना माझं पेन अडतं.)

तिथली रविवारची सकाळ आठवते? न्हाऊन आपण पायरीवर ओळीने बसायचो आणि सिस्टर फणी घेऊन यायच्या. तुझ्या केसांवरून रिबीन घसरून पडायची, माझ्या केसांत फणीचे दात राहायचे. सिस्टर दोघींनाही आळशी म्हणायच्या. तू हसायचीस. मी मात्र पन्नास वर्षं ते खरं मानलं.

गेल्या महिन्यात आपली पंकजा शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "आजी, माझे केस चुकलेत का?" दिवाळीला शेवगावात तू ते पार्लरमधून सरळ करून देणार आहेस, असं तिने फोनवर ऐकलं होतं. (त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही.) त्या नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन मी केडगावच्या मोनिकाकडे गेले. ही मुलगी पार्लर चालवते, पण शिकवते बाईंसारखी. काही केस सरळ, काही लाटांचे, काही वेटोळ्यांचे, काही अगदी घट्ट वळलेले. आणि एकाच डोक्यावर हे सगळे एकत्रही नांदतात! पंकजाच्या मागे लाटा आहेत, कानांशी वेटोळी आहेत आणि कपाळावर चक्क बॉलपेनातली स्प्रिंग. "काकू, वळणांमुळे मुळाचं तेल टोकाला पोचत नाही हो. कोरडे विंचरले की फुगणारच. ओले असतानाच विंचरा, टॉवेलने घासू नका, जुन्या मऊ कापडाने टिपा." मऊ कापड म्हणून मी ह्यांचं बनियन घेतलं. (हे अजून शोधताहेत.)

मग मोनिकाच्या सांगण्यावरून जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस गाळला आणि वाडग्यात निवत ठेवला. केसांना लावायला गेले तर वाडगा घासून पालथा! आमच्या कामाच्या रंगुबाईने तो रस खळ समजून ह्यांच्या सदऱ्याला लावला होता. "बाई, लई झ्याक खळ हुती. आजून करा की!" सदरा दोरीवरून काढला तरी हात पसरूनच राहिला. तोच घालून हे मिरजगावला साखरपुड्याला गेले. तिथे ह्यांच्या मित्राने, आबासाहेबांनी मिठी मारली, तर पापड मोडल्यासारखा आवाज झाला म्हणे. घरी आल्यापासून हे माझ्याशी फक्त रंगुबाईमार्फत बोलतात.

दुसऱ्यांदा केलेला रस मी कपाटात कुलूप लावून ठेवला. रविवारी पंकजाचे केस वाळले तेव्हा ती आरशासमोर एकेक बट ओढून सोडत बसली. "आजी, बघ, आपली आपणच जागेवर जाते." पुष्पा, मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तुझी,
सुकन्या

ता. क. पार्लरची वेळ रद्द कर. पत्र त्यासाठीच लिहिलं. मोठी झाल्यावर तिला वाटलं, तर ती स्वतः करील.

ता. क. दोन. डाव्या कानामागची एक बट आखूड दिसेल. मोनिकाकडे जाण्याआधी मी कोरडे केस विंचरले होते. फणी अडकली ती कात्रीनेच निघाली. निकिताला सांगू नकोस. मुलगी माझी असली, तरी ओरडते तुझ्या सुनेसारखी.

शनिवारी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की निकिता पंकजाला शेवगावला न्यायला येईल, तिच्याबरोबर पिशवी देते. रुंद दातांची फणी पंकजाची. उशीची सॅटिनची खोळही तिचीच, तिच्यावर केस घासले जात नाहीत. जवसाची पुडी निकिताला. उकळायचं कसं ते तिला सांगितलंय. तुला वेगळं काही नाही. रविवारी पंकजाला न्हाऊ तू घाल.