पिवळं पाणी

४ एप्रिल
माझ्याच घरात माझं तोंड शिवलं. सूनबाईनं, रेखानं काल नातीच्या, सोनूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. अरुणला काही बोलायचं नाही. त्याच्या पोटात गाठ आहे, डॉक्टर म्हणतो दोन-तीन महिने. आणि सूनबाई त्याला सांगते पीलिया झालाय, साधी कावीळ. पोटचा पोर माझा, अठ्ठावन्नचा झाला, त्याला घोळात घेतात.

७ एप्रिल
गल्लीलाही पीलियाच माहीत. समोरची गुप्ताईन रोज उसाचा रस पाठवते. "आजीजी, पीलिया तो झड़वाने से जाता है." कावीळ झाडून काढणाऱ्या परदेशीपुऱ्यातल्या बाबाचा पत्ताही तिचाच. रेखा नाही म्हणणार कशी?

१० एप्रिल
गेलो. बाबानं अरुणच्या हातांना कसलासा रस चोळला, चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळंजर्द. अरुण हसला, महिन्याभरात पहिल्यांदा. "आई, बघ ना, कितना निकला!"
घरी येऊन त्यानं सोनूच्या होणाऱ्या सासरी फोन केला. वैशाखातलं लग्न पुढे ढकला, मी ठणठणीत झालो की दिवाळीनंतर धूमधाम से करू.
दिवाळी. रेखा भांडी घासत राहिली.

११ एप्रिल
तो रस आंब्याच्या सालीचा. वास ओळखला होता मी. आज साल कुटली, स्वतःच्या हातांना चोळली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पिवळं. मला काय धाड भरलीय?
ते पाणी तसंच नेऊन अरुणपुढे ठेवलं. "बघ, माझा पण पीलिया निघाला."
अरुणनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग हळूच, "तर मग मला काय झालंय, आई? तू खोटं नाही बोलत."
दूध उतू जातंय म्हणून उठले. गॅस बंद होता.
जन्मभर कुणाची भाजी खारट, कुणाची पोरगी आळशी, फटकन बोलले. वाटायचं, खरं बोलते. नुसती टोचत होते लोकांना. एक खरं सांगायचं आलं तर पळाले.

१२ एप्रिल
रेखा रडते. "पाण्याचं तुम्हीच सांगितलंत, आता तुम्हीच सांभाळा. टूट जाएंगे वो."
तुटू दे. पोरगी उजवून तुटेल. दिवाळीची वाट बघत तर नाही ना मरणार.
सोनू दारातच होती. "आजी, शपथ माझीच ना? मग मी सोडली."
अरुण आतून चहा मागतोय. तेच विचारणार.
रेखाला सांगितलं, कप तू ने. शपथ तू घातलीस, उत्तरही तूच द्यायचं, आणि खरं. माझ्याकडे बघायचं नाही.