बावड्याचं माहेर

तात्या,

इतक्या उशिरा लिहितोय, त्याची माफी असावी. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या, आणि एवढ्या काळात तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. अक्षर वेडंवाकडं आहे, तेवढं चालवून घ्या. विहिरीवर माणूस कमी पडतं म्हणून तुम्ही मला सातवीतून काढलंत, त्यानंतर हातात पेन आला तो फक्त सहीपुरता. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर बोलायची सोय नव्हती. उलट उत्तर दिलं की हातात असेल ते फेकून मारायचात. कागदावर तसं करता येत नाही, तेवढ्या धीरावर लिहितोय.

तुमचा नातू केनियाला होता. तिकडं गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, आपल्याकडची बरीच पोरं जातात देखरेखीला. तिथंच फुलांची प्रतवारी करणारी एक पोरगी त्यानं पसंत केली आणि इथं कऱ्हाटीला घरी घेऊन आला. रंगानं काळी, अंगानं उंच, दारातून वाकून यायची. तिला पाहायला सगळी आळी जमली. समोरच्या घरातला म्हातारा मला म्हणाला, "आबा, लाइट गेल्यावर सून हुडकायला बॅटरी घेऊन ठेवा." सगळे हसले. मीपण हसलो. तिला मराठी येत नव्हती, पण लोक कशाला हसले ते तिला कळलं. तीही हसली आणि पुढं होऊन माझ्या पाया पडली. पाया कसं पडायचं ते पोरानं विमानात शिकवलं होतं म्हणे.

ती आली होती फिरायला येणाऱ्या लोकांच्या व्हिसावर. पुण्याला नोटीस लावून, महिनाभर थांबून, सरकारी लग्न झालं. पोराची आई म्हणाली, अक्षता पडल्याशिवाय मी सून मानणार नाही. आता कन्यादान कोण करणार? तिचा बाप वारलेला, आई समुद्रापलीकडं. तेव्हा माझा मेहुणा, पोराचा बावड्याचा मामा, पुढं झाला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं उपास धरला, पोरीचा हात पोराच्या हातात दिला, आणि मंडपात सगळ्यांसमोर मेहुणा म्हणाला, आजपासून हिचं माहेर बावडा. त्याला तीन मुलगेच. पाठवणीला तो खरोखर रडला. लोकांना त्याचंही हसू आलं. पण पोरीनं ते माहेर मनावर घेतलं. त्याला बाबा म्हणायची, भाऊबीजेला काय करतात ते विचारून ठेवायची.

मग पुढचं काम निघालं. फिरायच्या व्हिसावर राहता येत नाही, नवऱ्याजवळ राहायचा वेगळा लागतो. पोरानं बारामतीला जाऊन कॉम्प्युटरवर अर्ज भरला. लग्नाचा दाखला, घराचा उतारा, मंडपातले फोटो, सगळं जोडलं. त्यानं मला बसवून समजावलं होतं की पोलीस चौकशीला येतील, दोघं एका घरात नांदतात का एवढंच त्यांना बघायचं असतं, येण्याआधी फोन करतील. मी मान डोलावली. माझं लक्ष दुसरीकडं होतं. आखाड तोंडावर आला होता.

तात्या, आता तुमची गोष्ट. माझ्या लग्नाच्या वर्षी पोराची आई आखाडात माहेरी गेली, आणि बावड्याला तिला ताप चढला. तिच्या वडलांना वाटलं, बारामतीचा डॉक्टर कऱ्हाटीहून जवळ, म्हणून ते तिला एसटीनं घेऊन आले. तुम्ही जेवत होता. हात न धुता उठलात आणि दारात आडवे उभे राहिलात. अजून दिसतंय मला. ती वडलांच्या खांद्यावर मान टाकून उभी आहे, तुमच्या बोटांना पिठलं लागलेलं आहे, आणि तुम्ही म्हणताय, "आखाड सरल्याबिगर ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवायचा न्हाय. मरायचं आसंल तर तितं जाऊन मर म्हणावं." तुम्ही तिच्याशी नाही, तिच्या वडलांशीही नाही, माझ्याशी बोलत होता. ते तसेच माघारी फिरले. तुम्ही ताटावर बसलात, राहिलेली भाकरी मोडली आणि मला सांगितलंत की तुमची आई पहिल्या आखाडात सासरीच राहिली, तर तुमचे आजोबा दिवाळी पाहायला राहिले नाहीत. नव्या सुनेनं आखाडात सासऱ्याचं तोंड बघितलं की सासरा जातो. एवढं बोलून तुम्ही ताक मागितलंत.

त्या गोष्टीवर माझा विश्वास होता की नाही, मला सांगता येत नाही. पण गेल्या वर्षी माझ्या छातीत जाळी बसवली आहे. जिना चढलो की धाप लागते. रस्त्यानं कुत्रं रडलं तरी मला वाटतं, माझ्यासाठीच रडतंय. आखाड जवळ आला तसा मी पोराच्या आईला म्हणालो की सुनेला माहेरी धाडू. ती म्हणाली, तिचं माहेर कुठं, विमानानं धाडता का? मी म्हणालो, बावडा आहे की. ती उठून चुलीकडं गेली. पोरगा चिडला. म्हणाला, अर्ज चालू आहे, तिला हलवायचं नाही. दोन दिवस तोच वाद चालला. शेवटी ती पोरगीच माझ्यासमोर येऊन बसली. तोडकं-मोडकं मराठी जुळवत म्हणाली, "आबा, मी जाते. तुमी भिऊ नका." मी तिला राहा म्हणालो नाही. पिशवी भरायला लागली तेव्हा मला मोकळं वाटलं, हेही सांगतो.

पोलीस आला त्या दिवशी पोरगा आपल्या रानात उभारत होता त्या पॉलिहाऊसचा प्लास्टिक कागद आणायला बारामतीला गेला होता. फोनबिन काही नाही. तरुण होता, मोटरसायकल दारातच लावली, पाणी मागितलं. पोराच्या आईला रानातून बोलवू का विचारलं तर नको म्हणाला. फॉरेनर बाई कुठं आहे म्हणाला.

"माहेरी गेलीया," मी म्हणालो.

"म्हंजे परत गेली तिच्या देशाला?"

"न्हाय. बावड्याला."

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आफ्रिकेतल्या बाईचं माहेर बावड्यात? आबा, वय झालं म्हणून काय बी बोलाल व्हय?"

मी त्याला कन्यादानाचं सांगितलं, मेहुण्याचं सांगितलं. तो म्हणाला, पासपोर्टवर बापाचं नाव वेगळं आहे. मी म्हणालो, तो जन्माचा, हा मांडवातला. तो हसायला लागला. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं की सध्या ती नवऱ्याजवळ राहत नाही, असंच ना? मी म्हणालो, आखाडात कशी राहील? कुणाचीच नवी सून राहत नाही. त्याच्याही घरात राहत असेल का, तात्या, तुम्हीच सांगा. पण तो सरकारी कामावर होता, घरचा विचार त्यानं गाडीच्या डिकीत ठेवला होता. समोरच्या म्हाताऱ्याला हाक मारून त्यानं विचारलं. म्हातारा म्हणाला, आठवडाभर दिसली नाही बाबा, अंधारात असली तर ठाऊक नाही. दोघं पोट धरून हसले. कागद माझ्यापुढं आला. चष्मा आत होता, उठायचा कंटाळा आला. मी सही केली. जे बोललो तेच लिहिलेलं असणार, यात वाचायचं काय.

आणि तेच लिहिलेलं होतं, तात्या. एक शब्द खोटा नव्हता. पती-पत्नी एकत्र राहत नाहीत. सासरे विसंगत माहिती देतात. शेजारी दुजोरा देतात. पोरगा पुण्याच्या व्हिसाच्या कचेरीत गेला तेव्हा तिथल्या साहेबानं त्याला म्हणे विचारलं की तुझा बापच म्हणतोय ती इथं नाही, मग आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा? अर्ज नामंजूर. देश सोडून जा.

तो पुण्याहून परस्पर बावड्याला गेला आणि तिला घेऊन आला, सामान भरायला. आखाड संपला नव्हता. मी ओसरीवर बसलो होतो. तिला दिवस गेलेले होते, ते मला तोवर कोणी सांगितलेलं नव्हतं. पण पोटावर हात ठेवून चालत आली त्यावरून कळलं. ती उंबऱ्याच्या अलीकडं थांबली. पोरगा तिच्या पुढं आत निघून गेला होता. तिनं चप्पल काढली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आबा, येऊ का आत?"

मी मान दुसरीकडं फिरवली, तिचं तोंड दिसू नये म्हणून, आणि म्हणालो, "मागच्या दारानं ये."

ती जायला वळली. तेवढ्यात पोराची आई आतून आली. तिनं सुनेचं मनगट धरलं, तिला उंबऱ्यावरून आत घेतलं, माझ्या अगदी समोरून नेलं. जाताना एवढंच म्हणाली, "तात्या मेल्यात आसं लोक मला उगंच सांगत्यात." सुनेला ते कळलं नसावं. त्या दिवसापासून पोराची आई माझं ताट वाढते, पण पुढ्यात ठेवून निघून जाते.

सून गेली. तिच्या मागोमाग पोरगाही गेला, जुन्याच पॉलिहाऊसवर. इकडं उभ्या केलेल्या सांगाड्यावर कागद चढलाच नाही. आता तिनं तिकडं आपल्या देशाची कचेरी आहे तिथं नव्यानं अर्ज केला आहे, आणि इथून पुन्हा चौकशी. मेहुण्याचं प्रतिज्ञापत्र लागतं म्हणून मी त्याच्या तालुक्याला, इंदापूरला गेलो. तहसीलच्या आवारात तो माझी वाट बघत होता. रामराम नाही, काही नाही. स्टॅम्पवाल्यासमोर, रांगेतल्या लोकांच्या देखत म्हणाला, "काय दाजी, वाचला का जीव? मग झालं तर. माझी लेक गेली, त्याचं काय एवढं." मी म्हणालो, प्रकृती बरी नसते. तो म्हणाला, "दिसतंय की. बहिणीच्या टायमाला आमच्या म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला हुता तुमच्या दारात. मी बी काढतो. घरात घ्याल का तिला?" त्याच्या डोक्यावर काही नव्हतंच. लोक माझ्याकडं बघत होते. त्यानं सही केली, चहासुद्धा न घेता बावड्याच्या गाडीत बसला.

मग माझा जबाब झाला, पोलीस ठाण्यात. ह्या वेळचा पोलीस वयस्क होता. म्हणाला, आबा, मागच्या वेळी खरं बोललात ते नडलं, आता नीट सांगा. मी सांगितलं, त्यानं लिहिलं. सून पहिल्यापासून आमच्या घरातच नांदत होती. त्या दिवशी पाहुणी म्हणून गेली होती, माझा बोलण्यात घोटाळा झाला. आमच्या घरात आखाड पाळायची पद्धत नाही, माझ्या वडलांपासून नाही. ह्या वेळी चष्मा लावून वाचलं. सगळं खोटं होतं, आणि तो म्हणाला की आता काम होईल.

तुमच्या नावानं खोटं लिहिलं म्हणून तुम्ही चिडला असाल. चिडा. तिकडं नात झाली आहे. पोरगा फोन आईला करतो. मी जवळ गेलो की ती फोन घेऊन परसात जाते. फोटो आला आहे, मला दाखवलेला नाही. कालच पोराच्या आईनं शेजारणीला सांगताना मी ऐकलं की व्हिसा आता कधीही येईल, आला की तिघं लगेच निघतील.

म्हणून हे लिहायला बसलो. कुणाला विचारायची सोय नाही. पोराच्या आईला विचारलं तर हे ताटही बंद होईल, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला समजतं, एवढा अडाणी नाही मी. पण नियम तुमचा आहे, तुम्हालाच ठाऊक. आखाड पहिलाच पाळायचा असतो. मागचा तिनं अर्धाच पाळला, मधेच उंबरा ओलांडला. मग तो पहिला धरायचा, का आता येणारा पहिला धरायचा? लेकरू कडेवर असलं तर चालतं का? ठाण्यात मी लिहून दिलं की आमच्यात असलं काही नाही, आणि घरी आल्यापासून मी कॅलेंडरापुढंच उभा असतो. ती दारात येऊन थांबली, आत येऊ का म्हणाली, तर मी काय म्हणेन हे मला अजून माहीत नाही. तेवढं कळवा. लवकर कळवा तात्या, आखाड लागायला आला.