पुन्हा यायला सांगितले आहे

१६ जानेवारी २०२५

रोग गेला. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले — "मॅडम, सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. कुठेही काही शिल्लक नाही. रोजची गोळी पाच वर्षे चालू ठेवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा येऊन दाखवून जायचे." शस्त्रक्रिया, केमो, किरणांचे शेक — सगळे मागे पडले.

बाहेर बाकावर विमल बसली होती. माझी धाकटी बहीण. ऑगस्टपासून खर्डा गावातले आपले घर सोडून ती इथे केडगावला माझ्यापाशी आहे. पण डॉक्टरांच्या खोलीत एकदाही आलेली नाही. "आत काय आयकू यील त्याचंच भ्या वाटतं. तूच आयक आन् मला सांग." मी बाहेर येताच ती उठली.

"काय म्हनले?"

"पुन्हा यायला सांगितले आहे."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "बरं. यिऊ की. आपुन काय भितो व्हय?"

माझे विधान अक्षरशः सत्य आहे. सत्य विधानाने असत्य पोहोचवता येते, हे तर्कशास्त्राच्या तासाला मुलांना मीच समजावून देत असे. रिक्षात ती सगळा वेळ माझे मनगट चोळत होती.

१७ जानेवारी

आज सांगायचे ठरवले होते. सांगितले नाही.

१९ जानेवारी

कारणे लिहून काढते. निदान कागदापुढे तरी युक्तिवाद पुरा मांडावा.

आमवात मला वीस वर्षांपासून आहे. वयाची सांधेदुखी नव्हे — यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आठवड्याच्या एका गोळीने तो काबूत होता. केमो सुरू झाली तेव्हा ती गोळी थांबवली. आणि आश्चर्य असे की त्याच महिन्यांत हात कधी नव्हे इतके मोकळे होते! केमोबरोबर स्टेरॉइडचे इंजेक्शन असे, त्याचा गुण. एकीकडे उलट्या होत होत्या आणि दुसरीकडे मी लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवत होते. केमो संपली आणि सांधे दुप्पट जोराने परत आले.

सकाळी मुठी मिटलेल्या असतात. दुपारपर्यंत उघडत नाहीत. म्हणून ही रोजनिशीही दुपारीच. विमलने पेनाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली आहे, तेव्हा कुठे ते धरता येते. नळ फिरत नाही. कडी सरकत नाही. ब्लाउजचे हूक, चपलेचा पट्टा, परकराची नाडी — सगळे ती करते. संडासातलेही तीच करते. यापुढे त्याविषयी लिहिणार नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅन्सरसाठी माणसे घरदार सोडून येतात. सांध्यांसाठी कोणी येत नाही. कॅन्सर संपला असे मी म्हटले की विमल त्याच दिवशी निघेल आणि तिने निघावेच! तिची सून मोनिका दिवसांत आहे. आठवा चालू आहे. मोनिकाला आई नाही, म्हणून विमलने तिला शब्द दिला आहे — "तुजं बाळंतपन मी करीन." तो शब्द मोडला जातो आहे तो माझ्यामुळे, माझ्या आजारामुळे नव्हे.

युक्तिवाद पुरा झाला. माझ्या बाजूने त्यात एकही आधारवाक्य नाही.

२३ जानेवारी

हूक लावताना विमल म्हणाली, "सरळ हुबी ऱ्हा की गं अक्का! एवढी प्राध्यापक झालीस आन् पोरीवानी वळवळतीस."

ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली तिकडे घालायला तिने जुन्या मऊ साडीची कापूस भरलेली गादी शिवली आहे. ती आत सारताना म्हणते — "उजवा देवानं दिल्याला. डावा खर्डा मेड! कंचा चांगला, सांग."

मी हसले. खरोखर हसले. "देवावर तुझा विश्वास कधीपासून?" विचारले, तर म्हणाली, "बोलायला काय जातंय."

मग आठवले, की हिला हे सगळे करायचे कारणच उरलेले नाही. हसू तोंडावर तसेच राहिले. ते मिटवायलाही धीर झाला नाही.

२७ जानेवारी

सांध्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, "आठवड्याची गोळी सुरू करायला हवी, पण आधी कॅन्सरच्या डॉक्टरांचा होकार आणा." कॅन्सरचे डॉक्टर मागच्या वेळी म्हणाले होते, "सांध्यांचे ते त्या ठरवतील." दोघांचीही वागणूक अतिशय सभ्य आहे. मध्ये माझी बोटे.

शिवाय कॅन्सरची जी रोजची गोळी आहे तिनेही सांधे दुखतात म्हणे. म्हणजे परिणाम एक आणि कारणे दोन; कोणते दुखणे कोणाचे, हे सांगता येत नाही. तोवर स्टेरॉइडची लहान मात्रा, गरम पाण्यात हात बुडवून ठेवणे आणि धीर.

परतताना मनात आले — केमो अजून चालू असती तर बरे झाले असते. हा विचार मी केला. तो खोडत नाही.

३० जानेवारी

शेजारच्या रतनबाई आल्या होत्या. "अगंबाई, केस आले की मॅडमना! आता अगदी बऱ्या झालात ना?"

मी तोंड उघडण्याआधीच विमल बोलली — "कुटलं बरं, बाई! पुन्हा बोलिवलंय डॉक्टरनं." माझेच वाक्य. तिच्या तोंडून ते खरे वाटले, कारण ती ते खरे मानते.

रतनबाईंचे लक्ष माझ्या बोटांकडे गेले. "हे होय! संधिवात काय, सगळ्यांनाच असतो. माझे गुडघे बघा ना." असे म्हणून हात न टेकता उठल्या आणि तीन जिने चढून गच्चीवरचे पापड काढायला गेल्या.

विमल त्यांच्या पाठीकडे बघत पुटपुटली, "हिला एक दीस तुजी बोटं लावाय पायजेत."

या घरात माझ्या बोटांची बाजू घेणारी हीच एक आणि मी फसवते आहे तीही हीच.

३ फेब्रुवारी

सकाळच्या वंदनेला हात जुळत नाहीत. तळव्यांमध्ये पेरू मावेल एवढी फट राहते. आज पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज आपोआप उतरला. खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे ते शील. विमल मोठ्याने म्हणत होती. तिला वाटले, मला धाप लागली. पाणी घेऊन आली.

६ फेब्रुवारी

सम्राटचा फोन. विमलचा मुलगा, टेम्पो चालवतो, सकाळी जातो तो रात्रीच घरी; दिवसा घरी मोनिका आणि त्याचे वडील, आबा. विमल नेहमीसारखी फोन स्पीकरवर ठेवून चहाचा कप माझ्या तोंडाला लावून बसली होती.

"आई, मोनिकाचे पाय लई सुजलेत. बीपी बी वाढलाय म्हनली सिस्टर. आराम कर म्हनली."

"मग करतीया का आराम?"

"कशाचा! नळाला दोन दिसाआड पानी येतंय. मी गाडीवर. आबा भरत्यात दोन हांडे, मग कंबर धरून बसत्यात."

पाठीमागून मोनिकाचा आवाज आला — "आत्याबाई, यांचं काय आयकू नगा! मी बरी हाय. तुमी मावशीकडं बघा."

विमल माझ्याकडे बघत राहिली. "अक्काचं एकदा निस्तरू दे रं. तिला हितं एकटीला टाकून कसं यिऊ?"

त्या क्षणी सांगायला हवे होते. तोंडात चहा होता; पण ते कारण नव्हे.

७ फेब्रुवारी

आजही नाही. उगाच तिच्यावर ओरडले — भात मऊ झाला म्हणून! ती म्हणाली, "औषधाची चिडचिड हाय तुजी, मला कळतंय." तिला काहीही कळत नाही. तिला कळू नये अशी तजवीज मी केली आहे.

११ फेब्रुवारी

सकाळी सम्राटचा फोन. मोनिकाला फेफरे आल्यासारखे झाले. जामखेडला दवाखान्यात नेले आहे. बाळ आजच काढावे लागेल.

विमल खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. एका हातात माझा टॉवेल, दुसऱ्या हातात फोन. तिला रडूही येत नव्हते. "अक्का, तू नीट आठवून सांग. डॉक्टर काय म्हनले? मी दोन दीस गेले तर चालंल का? तुला काय झालं तर मी कुनाला तोंड दावू?"

माझ्याकडे परवानगी मागत होती.

मी सांगितले. वाक्य सरळ केले, कुठेही आडवळण ठेवले नाही. "विमल, कॅन्सर गेला आहे. काहीही शिल्लक नाही."

आधी तिने काय केले — टॉवेल टाकला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हुंदका देऊन म्हणाली, "सुटलीस गं! सुटलीस माजे बाई!" माझ्या कपाळाला कपाळ लावले. त्या वेळी तिच्या मनात दुसरे काहीही नव्हते, अगदी मोनिकाही नव्हती. तेवढा एक क्षण तिने मला दिला आणि तो घेण्याइतकी माझी लायकी नव्हती.

मग तिचे हात सैल झाले.

"कवा म्हनले?"

"तू बाकावर बसली होतीस त्या दिवशी."

"संक्रांतीच्या मागनं?"

"हो."

"का गं?"

"हातांमुळे," एवढेच म्हणता आले. आयुष्यभर दुसऱ्यांची अपुरी उत्तरे खोडली.

ती पिशवीत लुगडी घालू लागली. तेवढ्यात सम्राटचा पुन्हा फोन — "आई, निघालीस का? पन मावशीचं काय?"

विमलने माझ्याकडे पाहिले. फोनमध्ये म्हणाली, "मावशीचं संपलं रं बाबा. आत्ताच डॉक्टरचा फोन आल्ता. तीच म्हनली, जा म्हनून. निघाले मी."

मी खरे बोलून फसवले. ती खोटे बोलून मला झाकून गेली. वर्गात मी गुण कोणत्या वाक्याला दिले असते, हे मला ठाऊक आहे — आणि म्हणूनच मान वर होत नाही.

एवढ्या घाईतही तिने घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणे सैल केली. पिठाचा, साखरेचा, चहाचा. गोळ्या पाकिटांतून काढून दोन वाट्यांत ठेवल्या. कॅन्सरची वेगळी, सांध्यांच्या वेगळ्या. कडीला फडक्याची पट्टी बांधली, म्हणजे दाताने ओढता येईल. नळ बारीक सोडून खाली बादली लावली. 

दारात म्हणाली, "जाते." येते म्हणाली नाही.

१२ फेब्रुवारी

सम्राटने कळवले — मुलगी झाली. पोट उघडून काढली. मोनिका शुद्धीवर आहे. बाळ फार लहान, काचेच्या पेटीत ठेवले आहे. विमल पोहोचली तेव्हा सगळे होऊन गेले होते.

शस्त्रक्रियेला आत नेईपर्यंत मोनिका "आत्याबाई आल्या का?" असे विचारत होती म्हणे. त्याने सहज सांगितले. त्याला काय माहीत!

१५ फेब्रुवारी

एकटी. भाकरी दुधात भिजवून चमच्याने. चमचा मुठीत धरायचा, बोटांत नाही. आंघोळ ओल्या फडक्याने. हूक लागत नाहीत म्हणून गाऊनवर शाल पांघरून असते. दाराची घंटा वाजली, तरी या वेशात उघडायला गेले नाही.

सांध्यांच्या डॉक्टरांचा निरोप — कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलणे झाले, आठवड्याची गोळी सुरू करावी. गुण यायला दीड-दोन महिने लागतील. म्हणजे मार्ग होता. थोडा काळ मदत हवी, एवढेच मागायचे होते. "थांब" हा एक शब्द. तो मागितला असता तर तिला नाही म्हणण्याची मोकळीक राहिली असती — आणि तीच मला द्यायची नव्हती.

विमलचा फोन नाही. मी केलेला नाही.

१८ फेब्रुवारी

मोनिकाचा फोन आला. आवाज अजून बारीक आहे. "मावशी, जय भीम! बाळ पेटीतनं काढलं, माझ्या कुशीत दिलंय. आत्याबाई अंगाखाली हात घालून उठवत्यात मला. तुमाला डॉक्टरचा फोन आला आन् तुमी त्या घडीला त्यांना पाठिवलं — यांनी सांगितलं. सोताचं दुखनं बाजूला ठिवून! लई उपकार झाले, मावशी."

मी "असू दे" म्हणाले.

असू दे!

१९ फेब्रुवारी

मोनिकाला मी स्वतः फोन लावला. बोटाच्या पेराने आकडे दाबून. सगळे सांगितले. केव्हा कळले, कोणापासून लपवले, कशासाठी लपवले, आणि विमल जे बोलली ते मला झाकण्यासाठी होते. मोनिका नळावरून हांडे भरत होती तेव्हाही मला ठाऊक होते, हेही सांगितले. काहीही गाळले नाही.

पलीकडे बाळ बारीक रडले, मोनिकाने त्याला थोपटले. फोन ठेवेल असे वाटले. ठेवावा, असेही वाटले.

मग ती म्हणाली, "मावशी, पन मग आता तुमचं कोन करतंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले.