तिसऱ्या बिघ्याचं पाणी

मु. फैजपूर,
ता. १८ एप्रिल १९५६

चि. पितांबरभाऊजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. गाय व्यायली, कालवड झाली. तुमच्या मंदाबाईंना खरवस आवडतो, पण जळगावपर्यंत टिकायचा नाही. कुंदाची सातवीची परीक्षा तोंडावर आली आहे.

आखाजीच्या सणाला तुम्ही कागद घेऊन येणार, म्हणून आधीच लिहिते. माझा तिसरा बिघा कोरडा पडतो, तो तुमच्या नावे करून द्यावा, असं तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं होतं. वाळणारी केळी बघवत नव्हती.

परवा कुंदा चुलीपाशी समप्रमाण घोकत बसली होती. डोक्यात शिरेना, तेव्हा मी म्हटलं, आपल्या सामाईक विहिरीवर मांडून बघ. तिने हरभरे मांडले. आपले तीन बिघे, काकांचे दोन. मोटेची फेरी दहा दिवसांची.

"माय, जमीन जास्ती तं पाणी जास्ती. बिघ्याला दोन दिवस. आपले सहा, काकांचे चार."

"पाच-पाच आहेत गं."

"मग माझंच चुकलं," म्हणाली, आणि पोर पुन्हा हरभरे मांडू लागली.

हे गेल्यावर पाळ्या तुम्हीच लावल्यात. "वहिनी, आपल्यात सारखं. निम्मं-निम्मं." मी गावभर सांगितलं. शेजारची भागाबाई म्हणाली, "दीर असावा तं असा!" मी ताठ मानेनं ऐकून घेतलं.

चूक झाली असेल, असं मनाला पुष्कळ समजावलं. पण भाऊजी, शाळेत तुम्ही हाच धडा शिकवता.

तुम्ही शाळकरी होता तेव्हा राखेत अक्षरं काढून मला वाचायला शिकवलंत. गणिताचं विचारलं की म्हणायचात, "ते राहू द्या, मी आहे ना." शेवटच्या दुखण्यात हेही तेच म्हणाले, "पितांबर आहे ना." आणि डोळे मिटले.

बिघा मी देणार नाही. पुढच्या फेरीपासून माझ्याकडे मोट सहा दिवस चालेल. मोट हाकणारा तोताराम म्हणाला, "मालकांना विचारा." मी म्हटलं, "मालकीण सांगतेय."

आखाजीला या. मांडे करीन, पोटभर जेवा. कागद आणू नका. सही करायला तुम्हीच शिकवलंत. ती या पत्राखाली करते, दुसरीकडे नाही.

सुगंधाबाई गिरधर चौधरी