मामीचा गजरा

प्रल्हादमामा,

'तीर्थरूप' मुद्दामच लिहिलेलं नाही.

वर्दीचा रुबाब कसा राखायचा, हे तुम्ही रिटायर झाल्यावरही मला जेवताना शिकवायचात. आज पापडीच्या बाजारात माझी पहिली गस्त होती, तुमच्याच जुन्या हद्दीत. निर्मळहून येणारी फुलवाली मला बघताच उठली आणि न मागता तिने गजरा पुढे केला. "प्रल्हाद हवालदार रोज न्यायचे, बायकोसाठी. पैसे नाही घेत आम्ही पोलिसांकडून."

सरकारी पगारात तुम्हाला एक गजरा परवडत नव्हता?

मामी अजून त्या गजऱ्यांचं कौतुक सांगते. तिच्यासाठी हे पत्र कपाटातच राहील, तुमच्या अब्रूसाठी नाही.

मी नको म्हटलं. फुलवालीचा चेहरा उतरला. तिने घाबरून पहिल्या गजऱ्यावर आणखी एक गजरा ठेवला.

क्षितिजा