टोमॅटोच्या वाफ्यातली काठी

ताई,

गुडघा कसा आहे, हे तू दर फोनला विचारतेस आणि मी म्हणतो, ‘तू दिलेली काठी घेऊन मजेत फिरतो.’ साफ थाप. काठी परवापर्यंत दाराआडच होती.

ती हातात घेतली की आमचा कुत्रा थरथरत पलंगाखाली शिरायचा. (भित्रा म्हणून त्याला भागूबाई म्हणतो.) आधीच्या मालकाने काठीनेच झोडपलं असणार. मग मी आपला कुंपण धरून, लंगडत बागेला पाणी घालायचो.

परवा टोमॅटोचं रोप आडवं झालं. आधाराला हाताशी काही सापडेना, म्हणून तुझीच काठी वाफ्यात खोचून रोप तिला बांधलं. आधी भागूबाई तिकडे फिरकला नाही. मग लांबून हुंगलं. आज सकाळी तंगडी वर करून काठी आपल्या नावावर करून टाकली.

रोपाला झाडूचा दांडा दिला. काठी धुतली आणि टेकत टेकत फाटकापर्यंत गेलो. भागूबाई शेपटी हलवत पुढे. गुडघ्याने कुरकुर केली नाही.

हे पत्र काही टाकत नाही. काठी कशी धुवावी लागली ते तुला कळायला नको. आणि आता फोनवर तेच वाक्य बोललो, तरी खरंच असेल.

तुझा,
धाकटा